तळणवाडीचा तलाव आणि शंभर रुपयांची कपात

मी आयुष्यभर सरकारला जेवढे प्रश्न विचारले, तेवढे आमच्या घरच्या मंडळींनी मला विचारले असते तर मी केव्हाच किनवटच्या जंगलात निघून गेलो असतो. घरच्यांचं एक बरं असतं, उत्तर पटलं नाही की ते भांडतात. सरकारचं उत्तर छापून येतं, आणि छापून आलं की ते सगळ्यांना पटलं असं धरून चालतात.

गैरसमज नको. मी आमदार नव्हतो, आमदाराचा पीए होतो. कागदावर 'स्वीय सहायक' आणि गावाकडे 'अण्णांचा गौतम'. अण्णा म्हणजे दिगंबरअण्णा, नांदेड आणि लातूरच्या सीमेवरच्या एका मतदारसंघाचे आमदार. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, उर्दू चौथी. मराठी वाचायचे, पण ओढ्यातून बैलगाडी काढावी तसं, जपून जपून. बोलायला लागले की मात्र कुणाला आवरायचे नाहीत.

माझी त्यांची गाठ पडली ती भांडणातूनच. मी इस्लापूरजवळच्या एका खेड्यातला. किनवटच्या वसतिगृहात वाढलो, नांदेडला बी. ए. झालो, आमच्या बौद्धवाड्यातला पहिलाच. कॉलेजच्या संमेलनाला अण्णा पाहुणे होते आणि आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. अण्णांनी भाषणात सिंचनाचा एक आकडा ठोकून दिला. मी आभार मानता मानता तो आकडा दुरुस्त केला. प्राचार्यांचा चेहरा पडला. अण्णा मात्र हसले आणि म्हणाले, "ह्यो पोरगा मला चारचौघांत खोटा पाडून राहिला. ह्येला आपल्या संगंच घ्या, म्हंजी बाहीर बोलायचा न्हाई." पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे रुजू झालो.

आता हा धंदा बाहेरच्यांना थोडा समजावून सांगतो. आमदार जो प्रश्न सभागृहात तोंडी उत्तरासाठी विचारतो, त्यावर छापताना चांदणी असते, म्हणून तो तारांकित. तो बराच आधी लेखी द्यावा लागतो. त्याची भाषा ठरलेली. 'हे खरे आहे काय की, अमुक गावी अमुक झाले आहे. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय?' उत्तराची भाषाही ठरलेली. 'हे खरे आहे' असं क्वचित यायचं. 'हे अंशतः खरे आहे' असं आलं तर आम्ही चहा मागवायचो. एरवी 'हे खरे नाही', आणि पुढच्या सगळ्या भागांना मिळून एकच उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही.'

माझ्या बायकोनं ही भाषा फार लवकर उचलली. मी जेवताना विचारायचो, "भाजीत मीठ कमी आहे का?" ती म्हणायची, "हे अंशतः खरे आहे. उठून मीठ आणून देण्याचा प्रश्न उद्भवत नाही."

मुंबईत आमदार निवासातली आमची खोली म्हणजे धर्मशाळाच होती. दवाखान्याला आलेले, नोकरीच्या मुलाखतीला आलेले, नुसता समुद्र बघायला आलेले, सगळे तिथंच पथारी टाकायचे. एकदा नायगावकडचे एक पाहुणे चार दिवस मुक्काम ठोकून बसले. त्यांच्या भावानं बांध कोरला होता आणि हा प्रश्न विधानसभेत यायला पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. मी त्यांना नियम समजावले. खासगी भांडणं सभागृहात घेत नाहीत, त्याला तहसील आहे, कोर्ट आहे, असं सगळं सांगितलं. पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग एवढं मोठं घर बांदलंय कशाला?" मी नियमांचं पुस्तक मिटलं आणि त्यांना परतीच्या गाडीत बसवून दिलं.

अण्णांची भाषणं मी लिहायचो. मराठवाड्याचा अनुशेष, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राच्या मानानं आमच्याकडे जे व्हायचं राहून गेलं ते सगळं, हा माझा लाडका विषय. आकडे, तक्ते, मागच्या आश्वासनांचे उतारे असं ठासून भरलेलं भाषण मी त्यांच्या हातात द्यायचो. अण्णा दोन पानं वाचायचे, मग चष्मा काढायचे आणि तिथून पुढे स्वतःच्या मनानं. एकदा मी समासात त्यांच्यासाठी खूण केली होती, 'इथे थांबा'. म्हणजे श्वास घ्या. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं. त्याच वेळी एक मंत्री फायली गोळा करून बाहेर निघाले होते. ते दचकून परत खाली बसले आणि अर्धा तास हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की दिगंबरअण्णांनी मंत्र्यांना खडसावलं.

भाषणाची टिपणं घेणारे लघुलेखक नंतर कच्ची प्रत दुरुस्तीला पाठवायचे. ती दुरुस्तीही माझीच. अण्णा म्हणालेले असायचे, "मंत्री लई गप्पा हाणून राहिले." मी करायचो, "माननीय मंत्री महोदय सविस्तर माहिती देत आहेत." आज विधिमंडळाच्या ग्रंथालयात कुणी ते खंड काढून वाचले, तर दिगंबरअण्णा म्हणजे कुणी अर्थशास्त्राचे प्राध्यापक असावेत असं त्यांना वाटेल. मला त्या खंडांचा फार अभिमान होता, हे इथंच कबूल करतो.

मग लातूरचा वेगळा जिल्हा झाला. या मागणीवर अण्णा सभागृहात दोनदा बोलले होते, दोन्ही भाषणं माझीच. जिल्हा जाहीर झाला त्या दिवशी अण्णांनी तालुक्याच्या चौकात पेढे वाटले आणि गुलालात माझा एकुलता एक पांढरा सदरा कायमचा गेला. पण भाऊ वेगळे झाले की तवा एकाकडे जातो आणि उलथनं दुसऱ्याकडे राहतं. जिल्ह्याचंही तसंच. कर्मचारी अर्धे इकडे, अर्धे तिकडे, कागदांची पोती मधेच. यात कुणाचा दोष नव्हता, एवढा संसार हलवायचा म्हणजे वेळ लागणारच. फक्त त्याच सुमारास पावसानंही पाठ फिरवली, आणि दुष्काळाला थांब म्हणता येत नाही.

या दोन्हींच्या कचाट्यात तळणवाडी सापडली. नांदेडच्या हद्दीला टेकलेलं हे लहानसं गाव. पूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यात, आता लातूरमध्ये. तिथं रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चालू होतं. दोन्ही बाजूंनी मातीचा बांध चढला होता, मधे ओढ्याची घळ तेवढी मोकळी होती. ती घळ सर्वांत शेवटी बुजवतात, त्याला घळभरणी म्हणतात. नेमकी तीच राहिली, कारण खर्च वाढल्यामुळे सुधारित मान्यता लागत होती आणि मान्यतेचा कागद जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात येता येता कुठंतरी विसावला होता. काम बंद पडलं.

एक दिवस गयाआत्या अण्णांच्या वाड्यावर आली. ती माझ्या वडिलांची दूरची बहीण, तळणवाडीला दिलेली. कामावरच्या बायकांची ती पुढारी होती. लिहायला वाचायला येत नव्हतं, पण कुणाचे किती दिवस भरले हे मुकादमाच्या वहीपेक्षा तिच्या डोक्यात पक्कं असायचं. अण्णांसमोर ती जमिनीवर बसली नाही, उभीच राहिली.

"अण्णा, घळ तशीच राहिली तर पैल्या पुरात समदा बांध वाहून जातंय. दोन वर्सं माती वाहिली आमी डोक्यावर. आन् काम न्हाई तर खायाचं काय? पेरणीच्या आत काम सुरू झालं न्हाई तर आमी निजामाबादकडं चाललो. गावात म्हातारी माणसं आन् कुत्री राहत्याल."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "गौतम, प्रश्न टाक."

मी त्या रात्रीच प्रश्न लिहिला. भाषा अशी घोटीव की माझं मलाच कौतुक वाटलं. 'अपूर्ण घळभरणीमुळे संभाव्य जीवित व वित्तहानी' असे शब्द त्यात होते. आणि प्रश्नाचं नशीबही जोरावर होतं. प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, त्यात तो वर आला, अगदी दुसऱ्या क्रमांकाला. तिथवर पोहोचणं म्हणजे उत्तर सभागृहात मिळणारच. मी गयाआत्याला पोस्टकार्ड टाकलं, 'आत्या, काळजी करू नको, तुमचा प्रश्न लागला.'

प्रश्नाच्या दिवशी सकाळी प्रश्नोत्तरांची छापील यादी माझ्या हातात पडली तेव्हा अण्णा आत जाऊन बसले होते. मी आमचा प्रश्न काढला. उत्तर होतं, '(१) नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.' मला कळेना. मी वरचा प्रश्न पुन्हा वाचला. पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं, 'उस्मानाबाद जिल्ह्यातील मौजे तळणवाडी येथे'.

वर्षानुवर्षांची सवय. हात चालत राहिला होता. ज्या नव्या जिल्ह्यासाठी मी दोन भाषणं लिहिली, सदरा घालवला, तो जिल्हा मी स्वतःच विसरलो होतो.

मी शिपायाच्या हातून चिठ्ठी आत पाठवली. ती अण्णांपर्यंत पोहोचायच्या आत प्रश्न पुकारला गेला. मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं. अण्णा उसळून उठले.

"अध्यक्ष महाराज, तळं न्हाई म्हंजी? मी सोता त्या बांधावर बसून भाकर खाल्ली हाय!"

मंत्री गोड हसले. "सन्माननीय सदस्यांनी उस्मानाबाद जिल्ह्यातील तळणवाडीविषयी विचारले आहे. त्या जिल्ह्यात तळणवाडी नावाचे गाव नाही. नवीन जिल्हा सन्माननीय सदस्यांच्याच आग्रहावरून झाला, हे मी त्यांच्या निदर्शनास आणू इच्छितो."

सगळं सभागृह खो खो हसलं. दोन्ही बाजूंचे बाक वाजले. गॅलरीत बसून मी ते ऐकलं आणि जमीन फाटून आत घेईल तर बरं असं वाटलं. अण्णांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला आणि ते खाली बसले.

दुपारी आम्ही खोलीवर परतलो. जेवण झाल्यावर अण्णा पानाचा डबा उघडत म्हणाले, "गाव हारवलंस तू. आता हुडकून आण." बस्स, एवढंच. मला वाटलं होतं ते मला झोडपून काढतील. झोडपलं असतं तर बरं झालं असतं.

वाईट त्याच्या पुढचं आहे. पुढच्या शनिवार-रविवारी आम्ही मतदारसंघात आलो तर बातमी आधीच पोहोचली होती. तळणवाडीची माणसं वाड्यावर जमली होती. अण्णांनी त्यांच्यापुढे हात जोडले. "माजीच चूक झाली बाबांनो. मी जुन्या वळणाचा मानूस, तोंडात उस्मानाबादच बसलंय." मी त्यांच्या मागेच उभा होतो. एक शब्द बोललो नाही. गयाआत्या माझ्याकडे बघत होती, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. त्या दिवसाची लाज मला आजही वाटते.

आता उपाय एकच उरला होता, कपात सूचना. हेही समजावून सांगतो. अर्थसंकल्पात प्रत्येक खात्याची मागणी सभागृहापुढे येते. एखाद्या सदस्याला त्या खात्याविषयी गाऱ्हाणं मांडायचं असेल तर त्यानं सुचवायचं, 'या मागणीत शंभर रुपयांची कपात करावी.' प्रत्यक्षात कुणी काही कापत नाही. शंभर रुपये ही नुसती खुंटी, आपलं गाऱ्हाणं टांगायला. बोलून झालं की सूचना मागे घ्यायची. अशा शेकडो सूचना येतात आणि बहुतेकांचा नंबरही लागत नाही.

मी सूचना लिहिली. जिल्ह्याचं नाव पाच वेळा तपासलं. मग प्रायश्चित्त म्हणून अकरा पानी भाषण लिहायला घेतलं. त्यात पाझर तलावांचं अर्थशास्त्र होतं, भूजलाची पातळी होती, शेवटी एक संस्कृत वचनही होतं.

मधल्या काळात नांदेडच्या एका दैनिकानं आतल्या पानावर दोन ओळी छापल्या, 'तळणवाडी तलावप्रकरणी आमदारांनी शंभर रुपयांची कपात सुचवली.' मी ते कात्रण कापून फायलीत लावलं आणि विसरलो.

आठवड्याभरानं आमदार निवासात पोस्टमन आला. अण्णांच्या नावानं शंभर रुपयांची मनिऑर्डर. पाठवणार, गयाबाई आणि समस्त गावकरी, मुक्काम तळणवाडी. पत्त्यात शेवटी 'जिल्हा लातूर', खाली दोन रेघा. मजकुराच्या जागेत शाळेच्या मास्तरांच्या बारीक अक्षरात कोपऱ्यापर्यंत लिहिलं होतं. मी अण्णांना वाचून दाखवलं.

'अण्णांस नमस्कार. आमच्या तळ्याचे शंभर रुपये कापा असं तुम्ही सरकारला सांगितल्याचं पेपरात वाचलं. तुमची काही अडचण असेल. गावानं वर्गणी करून शंभर रुपये पाठवले आहेत. ते सरकारला द्या, पण तळं पुरं करा.'

मी कपाळावर हात मारला. "अण्णा, लोकांना कपात सूचना म्हणजे काय ते कळलंच नाही. अडाणी माणसं. मी आजच मास्तरांना पत्र लिहून समजावतो."

अण्णा हसायला लागले होते, पण हसता हसता थांबले. त्यांनी मनिऑर्डरीचा तो तुकडा माझ्या हातातून घेतला. "थांब," ते म्हणाले. "कुनाला काय समजवू नको."

खात्याच्या मागणीवर चर्चा आली त्या दिवशी अण्णांचा नंबर लागला तो अगदी शेवटी. सभागृह निम्मं रिकामं. अध्यक्षांनी आधीच बजावलं, दोन मिनिटं. माझी अकरा पानं अण्णांच्या हातात होती. त्यांनी ती बाकावर पालथी घातली.

"अध्यक्ष महाराज, माज्या पीएनं लई चांगलं भाषण लिवून दिलंय, पर त्येला येळ न्हाई. मी फकस्त एक मनिऑर्डर वाचतो."

त्यांना वाचायला वेळ लागला. शब्द न शब्द, सावकाश. मराठी वाचताना ते अडखळायचे, त्याचा त्या दिवशी फायदाच झाला, कारण प्रत्येक शब्द ऐकू आला. आधी मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. 'तुमची काही अडचण असेल' या वाक्याला सगळे हसले. शेवटच्या वाक्याला कुणी हसलं नाही. मग अण्णांनी खिशातून शंभराची नोट काढली आणि हात वर केला.

अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांना सभागृहात कोणतीही वस्तू दाखवता येणार नाही."

"वस्तू न्हाई महाराज. आजवर आमी म्हनत व्हतो, सरकारनं आमचा अनुशेष भरावा. आता आमची मानसं सरकारचा अनुशेष भरून राहिली. मंत्र्यांनी ह्ये शंभर घ्यावेत आन् पावती द्यावी. आन् सरकार भिकेलाच लागलं आसंल तर सरळ सांगावं, दर गाव शंभर-शंभर धाडू!"

मग जो गोंधळ झाला तो सांगत नाही. सत्ताधारी बाकांवरून "शब्द मागे घ्या", विरोधी बाकांवरून "पावती द्या, पावती द्या". अध्यक्षांनी निर्णय दिला की नोट दाखवल्यापासूनचा सगळा भाग कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे. अण्णांनी सूचना रीतसर मागे घेतली आणि ते घाम पुसत बाहेर आले.

लॉबीत मंत्री त्यांची वाटच बघत होते. मला वाटलं आता जुंपणार. मंत्र्यांनी हात पुढे केला. "अण्णा, ती चिठ्ठी बघू जरा." त्यांनी ती दोनदा वाचली. ते स्वतः कोरडवाहू मुलखातले होते. पत्त्याखालच्या दोन रेघांवर बोट ठेवून म्हणाले, "यांना जिल्हा बरोबर माहीत आहे." मी खांबाच्या आड सरकलो. चिठ्ठी त्यांनी आपल्या सचिवाच्या हातात दिली.

मान्यतेचा आदेश पंधरा दिवसांच्या आत निघाला. मे महिन्याच्या उन्हात घळभरणी सुरू झाली. मी एकदा बघायला गेलो तेव्हा गयाआत्या टोपली घेऊन बांधावरून खाली येत होती. तिनं मला बघून नुसती मान हलवली, कारण बोलायला उसंत नव्हती. मृगाच्या आधी घळ बुजली. गाव निजामाबादला गेलं नाही. तळं पहिल्या वर्षी थोडं गळलं, पण टिकलं, आणि खालच्या विहिरींना पाणी आलं.

त्या भाषणाची कच्ची प्रत दुरुस्तीला आली तेव्हा तिच्यात दुरुस्त करायला काही नव्हतं. मनिऑर्डर वाचली इथवर मजकूर आणि पुढे नुसत्या फुल्या. माझी अनुशेषावरची सगळी भाषणं खंडांमध्ये सुखरूप आहेत. त्यातल्या एकानंही कुठं एक टोपली माती हलल्याचं मला माहीत नाही.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त होऊन नांदेडला राहतो. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी तळणवाडीला जाणं झालं. गयाआत्या आता पार थकलीय, बाजेवरून उठत नाही, पण जीभ तशीच आहे. मांडवातून निसटून मी तिच्यापाशी जाऊन बसलो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं.

"आत्या, तो जिल्हा मी चुकवला होता. अण्णांनी उगाच आपल्या अंगावर घेतलं."

"ठाव हाय," ती म्हणाली. "प्रश्न लिवायला तूच व्हतास की. कॅलेंडर वाचून राहिलास त्या दिशी, तवाच समजलं."

मी ओशाळलो. मग विषय हलका करायला म्हणालो, "पण तुम्हा लोकांना कपात सूचना समजली नाही ते किती बरं झालं, नाही का? त्या गैरसमजानंच तळं झालं."

आत्या बोळक्या तोंडानं हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. मी पाणी दिलं.

"आमाला येडं समजतोस व्हय रं? मास्तरनं पेपर वाचला तवाच सांगितलं, शंभर रुपये कुनी कापत न्हाई, ती बोलायची सोय असती म्हनून. मंग मीच म्हन्ले, नुस्तं बोलून काय हुतंय? अण्णाच्या हातात कायतरी द्यावं लागंल. वर्गणी काढली, मास्तरला सांगितलं, लिव. आन् जिल्ह्याखाली दोन रेघा मार म्हन्ले, तुज्या भरवशावर ऱ्हायलं तर पुन्हा हरवंल."

मी विचारलं, "अण्णांना हे माहीत होतं?"

"आदी न्हाई. तळं झाल्यावर आले व्हते शंभराची नोट परत करायला. तवा सांगितलं. डोळ्याला पानी येऊस्तवर हसले बघ. दस्तीनं डोळे पुसले आन् म्हनले, गयाबाई, येवढं एक करा. ह्ये गौतमला कळू देऊ नका. त्येला त्येची भाषणं लई प्यारी हायत."

मांडवात वाजंत्री सुरू झाली होती. मला कुणीतरी हाक मारत होतं. मी आत्याच्या बाजेवर तसाच बसून राहिलो आणि तिच्यादेखत रडलो, कारण मला एकदम आठवलं की त्या तळ्यानंतरही आठ-नऊ वर्षं मी अण्णांना भाषणं लिहून देत होतो. आकडे, तक्ते, संस्कृत वचनं, सगळं. आणि दर वेळी अण्णा ते कागद हातात घेऊन वजन केल्यासारखे वरखाली करायचे, कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "गौतम, आता सरकारची काय खैर न्हाई."